जोडीने मिशनवर: निवृत्त दांपत्याने रोजचा दिवस कसा बसवावा

मिशनरी म्हटलं की पांढरा शर्ट, टाय आणि काळी नावपट्टी लावून सायकलवरून फिरणारी दोन तरुण पोरं आठवतात. द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोक ज्यांना सरसकट मॉर्मन म्हणतात त्या चर्चची ती ओळखच होऊन बसली आहे. पण तशीच नावपट्टी लावून साठी-सत्तरीतली हजारो माणसंही जगभर काम करत असतात, त्यातली बरीचशी जोडीने. त्यांना सीनियर कपल म्हणतात. नोकरी संपलेली, मुलं मार्गी लागलेली, घर कुणाच्या तरी भरवशावर सोडलेलं आणि दीड-दोन वर्षं स्वतःच्या खर्चाने परक्या गावात मुक्काम.

जावं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. श्रद्धेचा तो प्रश्न इथे नाही. जायचं पक्कं झालं असेल किंवा मनात घोळत असेल, तर रोजचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो आणि कोणत्या गोष्टी आधी ठरवून ठेवाव्यात, एवढंच इथे सांगायचं आहे. माझं मत असं, की ज्येष्ठांचं मिशन धर्मग्रंथ पाठ नसल्यामुळे क्वचितच अडतं. नवरा-बायकोने दिवसाची वाटणी केलेली नसली की मात्र हमखास अडतं.

होकार देण्याआधी

तरुण मुलगे 24 महिने आणि मुली 18 महिने जातात. जोडप्यांना मुदत निवडता येते: 6, 12, 18 किंवा 23 महिने. काही कामांना सहा महिने पुरत नाहीत, कारण काम हाताला बसेपर्यंत निघायची वेळ येते. ऑफिसचं काम त्यातलंच. घरात सांभाळायची लहान मुलं नसावीत आणि दोघांची तब्येत ठीक असावी, या मुख्य अटी. दारोदार फिरणं, सकाळी ठरल्या मिनिटाला उठणं हे सगळं तरुणांसाठी. ज्येष्ठांकडून ती अपेक्षा नसते.

सुरुवात स्थानिक बिशपशी, म्हणजे आपल्या मंडळीच्या प्रमुखाशी, बोलण्यापासून होते. मग ऑनलाइन अर्ज, डॉक्टरांची आणि दातांची तपासणी, लशींच्या नोंदी. अर्जात कामाची आणि ठिकाणाची पसंती कळवता येते. पण नेमणूक सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातून येते आणि ती पसंतीप्रमाणेच येईल असं नाही. म्हणून 'काय आवडेल' यापेक्षा 'काय जमणार नाही' हे जास्त स्पष्ट लिहा. तीन जिने चढवत नाहीत, रात्री गाडी चालवत नाही, एका कानाने कमी ऐकू येतं, औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. हे लिहिताना संकोच वाटतो, विशेषतः पुरुषांना. पण चौथ्या मजल्यावरच्या बिनलिफ्टच्या घरात पोचल्यावर सांगण्यापेक्षा ते आधी सांगितलेलं सगळ्यांच्या सोयीचं.

दोघांनी वेगवेगळ्या कागदावर एक प्रश्न सोडवा: मी कशासाठी जातोय किंवा जातेय? मग कागद बदलून वाचा. एकाला नवा देश बघायचाय आणि दुसऱ्याला चर्चच्या मंदिरात शांतपणे सेवा करायचीय, हे घरीच कळलेलं चांगलं.

काम कोणतं, त्यावर दिवस ठरतो

'मिशनवर आहोत' एवढ्याने दिवसाचा काहीच अंदाज येत नाही. मंदिरात सेवा करणाऱ्यांचा दिवस पाळ्यांमध्ये बसतो, कपडे पांढरे असतात आणि दिवसभर उभं राहायची तयारी लागते. फॅमिलीसर्चसाठी जुनी कागदपत्रं टिपणाऱ्यांचा दिवस एखाद्या अभिलेखागारात कॅमेऱ्याखाली पानं उलटण्यात जातो. ही संस्था वंशावळींचं काम 1894 पासून करते आहे आणि तिने जमवलेल्या सुमारे 24 लाख मायक्रोफिल्म रिळांचं डिजिटायझेशन 2021 मध्ये पूर्ण झालं. नव्या नोंदी टिपायचं काम मात्र चालूच आहे. ज्यांना एका जागी बसून बारीक काम करायला आवडतं त्यांना हे सुखाचं. मानवतावादी कामावरची जोडपी पिण्याचं पाणी, व्हीलचेअर, नवजात बाळांचा श्वास सुरू करण्याचं प्रशिक्षण अशा प्रकल्पांमागे फिरतात. त्यांचा अर्धा दिवस सरकारी कचेऱ्यांत आणि रुग्णालयांच्या बैठकांत जातो. इलिनॉयमधल्या नॉवूसारख्या ऐतिहासिक गावात गेलेली जोडपी एकोणिसाव्या शतकातले कपडे घालून पाहुण्यांना जुनी घरं दाखवतात. निवृत्त डॉक्टर असाल तर एखाद्या मोठ्या विभागाचे वैद्यकीय सल्लागार म्हणून फोनवरच दिवस जाईल. छोट्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या स्थानिक सभासदांच्या गटाला, आधार द्यायला पाठवलं, तर दिवस बराचसा लोकांच्या घरी भेटी देण्यात.

आणि मग ऑफिस कपल, म्हणजे मिशनचं ऑफिस सांभाळणारं जोडपं. बाहेरच्यांना हे काम सगळ्यात कंटाळवाणं वाटतं. माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं हेच. एका मिशनमध्ये, म्हणजे कामाच्या एका विभागात, शंभर-दीडशे तरुण मिशनरी असू शकतात. ते जोडीजोडीने भाड्याच्या घरांत राहतात. म्हणजे डझनावारी घरं, तेवढे मालक, तेवढे भाडेकरार, वीजबिलं, आणि मोजता येणार नाहीत इतक्या गाद्या. त्यात दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर येते. कुणी नवीन विमानतळावर उतरतो, कुणी घरी परततो, कुणाची जोडी बदलते, कुणाचं गाव. त्या आठवड्यात ऑफिसमध्ये बसून पाहिलं तर मिशन म्हणजे काय ते नीट कळतं: टेबलावर नावाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या किल्ल्यांचे जुडगे, दाराशी बॅगांची रांग, आणि फोनवर एक घाबरलेला मुलगा विचारतोय की त्याच्या नव्या घरात पलंग एकच आहे, दोघांनी झोपायचं कुठे?

ऑफिसचं काम मिळालं तर पहिल्याच दिवशी प्रत्येक घराची एक ओळ असलेला तक्ता ताब्यात घ्या, नसेल तर बनवा. पत्ता, मालकाचा फोन, करार संपायची तारीख, अनामत रक्कम, पलंग किती, किल्ल्या किती आणि कुणाकडे, हीटर किंवा गीझर शेवटचा कधी दुरुस्त झाला. करार संपायच्या तारखेआधी तीन महिने खुणेचा रंग येईल अशी सोय करा. मालकाने जागा सोडायला सांगितली आणि ट्रान्सफरचा आठवडा नेमका तोच असला, तर काय धावपळ होते ते ज्यांनी केलंय त्यांनाच विचारा. गाड्यांचंही असंच. कोणाकडे कोणती गाडी, किती किलोमीटर झाले, सर्व्हिसिंग कधी. अनेक ठिकाणी तरुणांच्या गाड्यांत वेग वाढला की बोलून टोकणारं यंत्र असतं. त्या यंत्राच्या नोंदी बघणं आणि मग त्या मुलाशी बोलणं हेही ज्येष्ठाच्याच वाट्याला येतं.

निघण्याआधीचे दोन-तीन महिने

पैशाचा हिशेब आधी. ज्येष्ठ मिशनरी पगार घेत नाहीत आणि खर्च स्वतः करतात. घरभाड्याची धास्ती अनेकांना मागे खेचायची, म्हणून 2011 मध्ये चर्चने देशाबाहेर सेवा करणाऱ्या जोडप्यांच्या राहण्याच्या खर्चाला महिना 1,400 डॉलरची मर्यादा घातली. त्यापुढचा भार चर्च उचलतं. त्याच वेळी ठरलं, की 18 महिन्यांहून कमी मुदत घेणाऱ्यांनी विमानभाडं स्वतः भरायचं. आजचे आकडे अर्ज करतानाच विचारून लिहून घ्या. घरभाड्याशिवाय जेवण, प्रवास, फोन, विमा, कपडे असतात, आणि मागे ठेवलेल्या घराचा करही भरावाच लागतो. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम लगेच हाताशी येईल अशी ठेवा, मुदत ठेवीत अडकवू नका.

मागच्या घराची जबाबदारी एकाच माणसाला द्या. तीन मुलांना मिळून सांगितलं, तर पाइप फुटल्यावर तिघंही एकमेकांना फोन करत बसतात. बँक, कर, विमा यांसाठी मुखत्यारपत्र करून ठेवा. मृत्युपत्र केलं नसेल तर करा. हे ऐकायला गोड नाही, पण मुलं मनातून सुटकेचा निःश्वास टाकतात. वाहन परवान्याची मुदत पुढे किती आहे ते बघा, पासपोर्टचीही.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, कारण कंपनीचं नाव दुसऱ्या देशात बदलतं. जादा चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि दातांची उरलेली कामं निघण्याआधी उरका. अमेरिकन जोडप्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं की मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, साधारणपणे देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. परदेशी जाणाऱ्यांच्या विम्याची सोय अर्ज करतानाच विचारून पक्की करा.

बॅग हलकी ठेवा. कपड्यांत दोन जोड चांगले चालायचे बूट सगळ्यात महत्त्वाचे.

पहिला महिना: बघा, विचारा, बदलू नका

निघण्याआधी स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे आसपासच्या अनेक मंडळ्यांचा प्रमुख, दोघांना रीतसर सेवेसाठी नेमतो. त्यानंतर प्रशिक्षण. बहुतेक ज्येष्ठांचं ते साधारण आठवडाभराचं असतं, यूटामधल्या प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात किंवा दुसऱ्या एखाद्या केंद्रात, काहींचं ऑनलाइन. तिथे शेकडो तरुण पोरांच्या गर्दीत जेवायला बसणं हा एक अनुभवच आहे. तुमच्या नातवंडांच्या वयाची मुलं तुम्हाला 'एल्डर' आणि 'सिस्टर' म्हणून आडनावाने हाक मारतील, आणि तुम्हीही त्यांना तसंच म्हणायचं. दोन-तीन दिवसांत जिभेला सवय होते. चार लोकांत नवरा-बायकोही एकमेकांना तसंच म्हणू लागतात आणि कधीकधी चुकून घरातसुद्धा.

नेमणुकीच्या ठिकाणी पोचल्यावर आधीचं जोडपं अजून तिथे असेल तर ते दिवस सोन्याचे. त्यांच्यामागे वही घेऊन फिरा. कामाची माहिती कुठेतरी लिहिलेली असतेच. तिथे न लिहिलेल्या गोष्टी विचारा: कुठल्या घरमालकाशी फोनवर बोलायचं नाही, प्रत्यक्षच जायचं? कोणती बिलं दर वेळी चुकीची येतात? स्थानिक मंडळीत कुणाला काय लागलंय, कोण कुणाशी बोलत नाही? डॉक्टर कोणता चांगला, आणि रात्री कोणता उघडा असतो?

निदान एक ट्रान्सफर होईपर्यंत, म्हणजे पहिले सहा आठवडे, कुठलीही पद्धत बदलू नका. चाळीस वर्षं कंपनी किंवा शाळा चालवलेल्या माणसाला हे फार जड जातं. पहिल्या दहा दिवसांत त्याला पंचवीस सुधारणा सुचतात. त्या वहीत लिहून ठेवाव्यात. सहा आठवड्यांनी वही उघडली की त्यातल्या निम्म्या आपोआप खोडल्या जातात.

दिवसाचा साचा

तरुणांचा दिवस साडेसहाला सुरू होऊन साडेदहाला दिवे मालवले की संपतो. ज्येष्ठांना तसं बंधन नाही आणि तिथेच मेख आहे. वेळापत्रक कुणी लादत नाही म्हटल्यावर एक तर दिवस सैल पडतो, नाहीतर फोन वाजेल तसं दोघं रात्री दहापर्यंत धावत राहतात. दुसरा प्रकार जास्त आढळतो.

चालू शकेल असा साचा हा. सकाळी उठल्यावर आधी अर्धा तास चालणं, ऊन-पाऊस काहीही असो. मग आंघोळ, नाश्ता, आणि दोघांचं मिळून वाचन-प्रार्थना. वैयक्तिक वाचन वेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या वेळी करा, कारण दिवसातला तो एकांत पुढे फार लागतो. घराबाहेर पडण्यापूर्वी दहा मिनिटं उभ्या उभ्या ठरवा: आज कोण कुठे, गाडी कोणाकडे, जेवण घरी की बाहेर. नऊच्या सुमाराला काम सुरू. अवघड फोन, बँक, घरमालक ही कामं दुपारच्या आधी. जेवणानंतर वीस मिनिटं डोळे मिटले तर कुणी नावं ठेवत नाही. दुपारी पोच-पावत्या, भेटी, घरांची पाहणी. चार-पाचला ऑफिस बंद.

संध्याकाळी आठवड्यातून दोन-तीन दिवस लोकांच्या घरी भेटी किंवा तरुण मिशनऱ्यांसोबत एखादा धडा. उरलेल्या संध्याकाळी तुमच्या. त्या आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवल्या नाहीत तर राहत नाहीत. फोनसाठी एक वेळ ठरवा, समजा रात्री साडेआठ, आणि सगळ्यांना सांगा की त्यानंतर फक्त तातडीचं. 'तातडीचं' म्हणजे काय तेही सांगावं लागतं. रक्त, आग, पाणी, चोरी आणि अपघात तातडीचे. इंटरनेट बंद पडणं तातडीचं नाही.

आठवड्यातला एक दिवस प्रिपरेशन डे. कपडे, बाजारहाट, घराची सफाई, पत्रं, आणि वेळ उरला तर आसपास फिरणं. त्या दिवशी कामाचा फोन घरी ठेवून बाहेर पडायची परवानगी मिशन प्रेसिडेंटकडून, म्हणजे मिशनच्या प्रमुखाकडून, मिळते का ते विचारा. ऑफिस कपल असाल तर दोघांपैकी एकाचा फोन चालू ठेवावाच लागेल, पण तो आळीपाळीने ठेवा.

रविवारी चर्च. जानेवारी 2019 पासून सभा तीनऐवजी दोन तासांच्या झाल्या, ज्येष्ठांच्या कमरेला तो मोठाच दिलासा. लहान मंडळीत तुम्ही पोचताच पियानो, शिकवणी, हिशेब सगळं तुमच्याकडे यायला लागेल. घाईने घेऊ नका. तुम्ही परतणार आहात आणि ते लोक तिथेच राहणार आहेत. पियानो वाजवायचा असेल तर शेजारी एका स्थानिक मुलीला बसवून आठवड्याला एक गाणं शिकवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपास असतो. मधुमेह किंवा गोळ्या असतील त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं, तिथे जबरदस्ती नाही.

एक किरकोळ पण रोज समोर येणारी गोष्ट. या चर्चचे लोक चहा, कॉफी, दारू, तंबाखू घेत नाहीत, या नियमाचं मूळ 1833 मधलं. भेटीला गेलात की यजमान चहा पुढे करणारच. नकाराबरोबर लगेच काहीतरी मागा: "चहा घेत नाही आम्ही, पण पाणी चालेल, तहान लागलीय." नुसता नकार लोकांना टोचतो, पाणी मागितलं की त्यांना करायला काहीतरी मिळतं.

चोवीस तास एकत्र

हा भाग नीट वाचा, बाकीचा एकवेळ चाळलात तरी चालेल.

नोकरीच्या काळात नवरा-बायको दिवसाचे आठ-दहा तास वेगळे असतात. मिशनवर तेच दोघं एकाच टेबलावर काम करतात, एकाच गाडीतून जातात, एकाच दोन खोल्यांच्या घरात परततात. भाषा नवी, रस्ते नवे आणि घरी चार दारं आपटायला असतात तीही इथे नाहीत. पहिल्या दोन-तीन महिन्यांत खटके उडणं अगदी नेहमीचं आहे, त्यावरून आपलं काही बिघडलंय असा निष्कर्ष काढू नका.

कामं माणसागणिक वाटा, दोघांनी मिळून एक काम करू नका. घरं आणि मालक एकाकडे, पैसे आणि पावत्या दुसऱ्याकडे. ज्याचं काम त्याचा निर्णय. दुसऱ्याने विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. हा नियम मोडला जातो तो गाडीत. चालवणाऱ्याने रस्ता ठरवायचा नाही, शेजारी बसलेल्याने ब्रेकबद्दल बोलायचं नाही.

तरुण मिशनऱ्यांनी आपल्या जोडीदाराच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं असतं. जोडप्यांवर ते बंधन तितकं कडक नसतं. त्याचा फायदा घ्या. रोज निदान एक तास वेगळे असा: एक जण चालायला, दुसरा घरी. स्वयंपाक, धुणं, भांडी यांचीही वाटणी नव्याने करा. पंचेचाळीस वर्षांची घरची पद्धत इथे आणली तर बायकोची दोन नोकऱ्या होतात, ऑफिस आणि घर, आणि नवऱ्याची एकच.

तरुणांच्या साप्ताहिक नियोजनात शेवटी दोघांनी एकमेकांशी मोकळेपणी बोलायची पद्धत असते: काय चांगलं चाललंय, काय खटकलं. जोडप्यांनी ती उचलावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटं. आधी एक चांगली गोष्ट, मग एकच तक्रार, नेमकी आणि त्याच आठवड्यातली. "तुम्ही नेहमी असंच करता" याला तक्रार म्हणत नाहीत. "मंगळवारी मी त्या मालकाशी बोलत असताना तुम्ही मागून आकडे सांगत होतात, त्यामुळे मी गोंधळले" ही तक्रार. ऐकणाऱ्याने त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही, फक्त "कळलं" म्हणायचं. जेमतेम चार आठवड्यांत फरक दिसतो.

आणखी एक नियम नियोजनात घ्यावाच लागतो. मिशनरीने आपला नवरा किंवा बायको सोडून दुसऱ्या विरुद्धलिंगी व्यक्तीसोबत एकटं राहायचं नाही, गाडीतही नाही. म्हणजे रात्री एखाद्या मुलीला दवाखान्यात न्यायचं झालं आणि तुमची पत्नी आजारी असली, तर तुम्ही एकटे तिला नेऊ शकत नाही. तिची जोडीदारीण सोबत असेल तरी काय करायचं, हे मिशन प्रेसिडेंटला आधीच विचारून ठेवा. अशा वेळी कुणाला फोन करायचा त्या दोन स्थानिक बायकांची नावं फ्रिजवर लावून ठेवा.

तरुणांशी वागताना

ही मुलं अठरा-वीस वर्षांची. कुणी पहिल्यांदा स्वतःचे कपडे धुतोय, कुणी घरच्या आठवणीने रात्री जागतोय. तुम्ही त्यांचे आई-वडील नाही आणि वरिष्ठही नाही. दुसरं लक्षात ठेवणं जास्त कठीण. त्यांचा मिशन प्रेसिडेंट आहे, तोही साधारण तीन वर्षांसाठी पत्नीसह आलेला असतो. शिस्तीचा विषय त्याच्याकडे. आजारपणाचे फोन बऱ्याच ठिकाणी त्याच्या पत्नीकडे जातात. तुमच्याकडे आलेला फोन लगेच तिच्याकडे द्या, घरगुती औषधं सुचवत बसू नका.

घरांची पाहणी हा तुमच्या आणि त्यांच्या नात्याचा खरा कस. आदल्या दिवशी कळवून जा. आत गेल्यावर आधी सिंकमधल्या भांड्यांकडे बघू नका, आधी धुराची आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचक यंत्रं दाबून बघा, मग गॅसची नळी, मग दाराचं कुलूप, खिडक्या. जीव घेणाऱ्या गोष्टी आधी, अस्वच्छता नंतर. जेव्हा मुलं बघतात की तुम्ही स्टूलवर चढून बॅटरी बदलताय, तेव्हा नंतर बाथरूमच्या बुरशीबद्दल काही बोललात तर ती ऐकतात. जाताना काहीतरी खायला ठेवून या. दर वेळी नको, नाहीतर पाहणीची वाट बघायला लागतील.

मुलांच्या आया तुमचा नंबर शोधून काढतातच. "तो नीट जेवतो ना?" एवढ्याला उत्तर द्या. त्यापुढचं काहीही विचारलं तर गोड बोलून मिशन प्रेसिडेंटकडे पाठवा.

पैसे आणि पावत्या

स्वतःचे आणि ऑफिसचे पैसे एका पाकिटात ठेवू नका, एका दिवसापुरतेही नाही. पावतीचा फोटो दुकानाच्या दारातच काढा. छापील कागदाची शाई उन्हात महिनाभरात उडते. आठवड्याला एकदा हिशेब जुळवा, आणि ज्याने खर्च केला त्याने नव्हे, दुसऱ्याने तपासावा. शंका नको म्हणून. घरच्या पैशांसाठी महिन्याचा एकच आकडा ठरवा.

घरची ओढ

तरुण मिशनऱ्यांना पूर्वी वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा. फेब्रुवारी 2019 पासून ते दर आठवड्याला करू शकतात. ज्येष्ठांना तशी मर्यादा कधीच नव्हती, म्हणून अडचण उलटीच असते: फोन खूप होतात. रोज संध्याकाळी तासभर घरच्या व्हिडिओ कॉलवर असलात तर मन तिथेच राहतं, आणि नातवंडांनाही तुमचा चेहरा स्क्रीनवर बघून कंटाळा येतो. एक ठरलेला दिवस, ठरलेली वेळ. कॉलमध्ये नुसतं "कसे आहात" नको. मोठ्या नातवाला एक गोष्ट वाचून दाखवा, पुढचं प्रकरण पुढच्या आठवड्यात.

जन्म, लग्न, मृत्यू यांपैकी कशासाठी परत यायचं हे निघण्याआधीच मुलांसमोर बोला. महत्त्वाच्या कौटुंबिक प्रसंगी मिशन प्रेसिडेंटच्या परवानगीने थोड्या दिवसांसाठी स्वखर्चाने घरी येता येतं. पण दर खेपेला यायचं नसतं, आणि कुठल्या लग्नाला गेलात आणि कुठल्याला नाही हे नातेवाईक विसरत नाहीत. दोघांपैकी एकाचे आई-वडील हयात असतील तर हा विषय डॉक्टरांशी बोलून ठरवा. मुलं भेटायला येणार असतील तर तीही परवानगी आधी घ्या आणि ट्रान्सफरचा आठवडा टाळा.

परतण्याआधी

शेवटचे दोन महिने सुटीच्या मनःस्थितीत जातात, म्हणून हस्तांतरणाची फाइल त्याआधीच तयार करा. घरांचा तक्ता, किल्ल्यांची मोजदाद, मालकांचे स्वभाव, अर्धवट राहिलेली कामं आणि प्रत्येकाची पुढची पायरी. ज्या स्थानिक माणसांना शिकवलंत त्यांची नावं आणि त्यांना काय येतं ते. शक्य असेल तर नव्या जोडप्यासोबत निदान आठवडाभर राहा. पहिले तीन दिवस काम तुम्ही करा आणि ते बघतील. उरलेले दिवस काम ते करतील आणि तुम्ही खिशात हात घालून उभे राहाल.

घरी आल्यावर स्टेक प्रेसिडेंट सेवेतून रीतसर मोकळं करतो आणि नावपट्टी उतरते. आधीच ठरवून भाडेकरूला घर रिकामं करायला पुरेशी मुदत द्या, नाहीतर पहिला महिना मुलाच्या घरच्या सोफ्यावर जाईल. डॉक्टर आणि दातांची वेळ पहिल्याच आठवड्यात घ्या. चर्चमध्ये लगेच मोठी जबाबदारी दिली तर दोन महिने मागून घ्यायला हरकत नाही. नव्या जोडप्याला तुमचा फोन नंबर देऊन ठेवा. त्यांनी फोन केला तर जे विचारलं तेवढंच सांगा, आणि तुम्ही होऊन फोन करू नका.